मिनी पीसी, एव्ही रिसीव्हर आणि टीव्ही: 'नो सिग्नल'चं मूळ नेमकं कुठं शोधायचं?

जुळे_सोलापूरकर

मंडळी, हॉलमधल्या थिएटर पीसीच्या जोडणीबद्दल सल्ला हवाय. मांडणी अशी आहे. सेकंडहँड मिनी पीसी, इंटेल सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १०. मागं दोन डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय नाहीच. म्हणून डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय कन्व्हर्टर. तिथून एव्ही रिसीव्हर (चित्र पुढं देऊन स्पीकर चालवणारा अँप्लिफायर), २०१४ चं मॉडेल. रिसीव्हरपासून भिंतीतल्या पाइपातून १० मीटर एचडीएमआय केबल आणि टोकाला ५५ इंची ४के टीव्ही.

तक्रारी:

टीव्ही बंद करून परत लावला की कधी 'नो सिग्नल', कधी चित्र येतं पण १०२४ बाय ७६८ मध्ये. तेव्हा आवाजही गायब.

४के ६० हर्ट्झ ठेवलं की मधूनच पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो. ३० हर्ट्झला असं होत नाही, पण माउस अडखळत चालतो.

हार्डडिस्कवरच्या फाइली नीट चालतात. ब्राउझरमधून ओटीटी लावलं की आवाज येतो, चित्र काळं.

दुकानदार म्हणतोय टीव्हीचा बोर्ड बदला. त्याआधी काय काय तपासून घेऊ?

कडकभाकरी

केबल बदला. पुढचा.

आण्णा_अक्कलकोट

बोर्डाला हात लावू देऊ नका. बोर्ड गेला असता तर ३० हर्ट्झलाही रडारड झाली असती. सेट-टॉप बॉक्स त्याच पोर्टला लावून बघितलात का? तो चालत असेल तर टीव्ही सुटला.

तांब्याची_तार

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी असणार. एकीचं कारण दुसरीला चिकटवलं की नुसता खर्च होतो.

आधी साखळी आखूड करा. रिसीव्हर बाजूला ठेवा, भिंतीतली केबल बाजूला ठेवा. पीसी उचलून टीव्हीपाशी न्या आणि दीड-दोन मीटरची केबल थेट टीव्हीला लावा. कन्व्हर्टर राहू द्या, त्याच्याशिवाय जोडताच येणार नाही. या अवस्थेत तिन्ही तक्रारी तपासून कागदावर लिहा. मग रिसीव्हर मध्ये घ्या, पण दोन्ही बाजूंना आखूड केबलच ठेवा. सगळ्यात शेवटी भिंतीतली. जी वस्तू आल्यावर तक्रार परत येते, ती धरायची. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक बदलानंतर सगळं भिंतीवरच्या बटणापासून बंद करा, रिमोटनं नाही. दोन मिनिटं थांबा. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये चिप आहे आणि ती आधीच्या अवस्थेत अडकून बसते. पीसी शटडाउन केला तरी डिस्प्लेपोर्टवर तिला ३.३ व्होल्ट मिळत राहू शकतात, म्हणून नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. परत लावताना आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी पीसी.

चटणी_कमी

एवढ्या उठाठेवीपेक्षा टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा की राव.

जुळे_सोलापूरकर

@चटणी_कमी, स्टिकमध्ये माझ्या फाइली मावत नाहीत आणि डीटीएसचा (चित्रपटांतला अनेक स्पीकरचा) आवाज रिसीव्हरपर्यंत हवाय. @आण्णा, सेट-टॉप बॉक्स त्या पोर्टला व्यवस्थित चालतो. @तार, हे करून सांगतो.

रेघोटी

तोवर पहिल्या तक्रारीचं कारण सांगते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी चित्र-आवाज नेणाऱ्या वेगळ्या आणि ओळख पटवणाऱ्या वेगळ्या. १८ नंबरवर पीसी ५ व्होल्ट देतो. टीव्ही ते १९ नंबरवरून परत दाखवतो, म्हणजे 'मी जोडलेला आहे'. हे हॉट प्लग डिटेक्ट. ते दिसलं की १५ आणि १६ नंबरवरून पीसी टीव्हीची माहितीपत्रिका वाचतो: कुठली रिझोल्यूशनं चालतात, किती हर्ट्झ, आवाजाचे कुठले प्रकार. ही ईडीआयडी. १२८ बाइटचा एक तुकडा, टीव्हीत बहुधा असे दोन.

काही टीव्ही रिमोटनं बंद केले की १९ नंबर खाली येतो. पीसीच्या दृष्टीनं कुणीतरी केबलच उपटली. एचडीएमआयचा आवाज त्याच जोडणीवर असल्यानं विंडोजच्या यादीतून आवाजाचं उपकरणही जातं. टीव्ही परत लागला आणि ईडीआयडी वेळेत वाचता आली नाही, तर विंडोज हमखास चालेल असं काहीतरी लावतं: १०२४ बाय ७६८ किंवा ६४० बाय ४८०. म्हणजे तुमच्या तक्रारीतलं छोटं चित्र आणि गेलेला आवाज, दोन्हीचं मूळ एकच.

अशा वेळी तात्पुरतं दोन कळफलक-उपाय आहेत. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. एक बीप येते, पडदा क्षणभर काळा होतो आणि बऱ्याचदा चित्र परत येतं. नाहीच आलं तर विंडोज + पी, खाली बाण, एंटर. पडदा दिसत नसला तरी हे आंधळेपणानं करता येतं.

बार्शी_लाईट

आणि मध्ये रिसीव्हर असला की तो लग्नातला मध्यस्थ. मुलीकडची माहिती मुलाकडं सांगताना स्वतःची भर घालतो. मध्यस्थ झोपला की दोन्हीकडचे थेट बोलतात आणि मग कळतं, बैठक फक्त दोघांचीच होती!

रेघोटी

@बार्शी_लाईट, हसण्यावारी नेलंत, पण तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. रिसीव्हर चालू असताना टीव्हीची ईडीआयडी घेतो, तिच्यातला आवाजाचा भाग काढून स्वतःचा घालतो (५.१, डॉल्बी, डीटीएस) आणि पीसीला देतो. रिसीव्हर स्टँडबायमध्ये असून एचडीएमआय पास-थ्रू (सिग्नल तसाच पुढं सोडणं) चालू असेल, तर टीव्हीची मूळ पत्रिका पुढं जाते. तिच्यात बऱ्याचदा फक्त दोन चॅनेल. त्याच अवस्थेत पीसी सुरू झाला तर नंतर रिसीव्हर लावूनही ५.१ चा पर्याय दिसत नाही. 'कालपर्यंत ५.१ होतं, आज स्टिरिओच आहे' या तक्रारीत क्रम बघावा, ड्रायव्हर नंतर.

तांब्याची_तार

दुसऱ्या तक्रारीचे आकडे देतो, त्यावरून केबल की दुसरं काही हे घरी बसून ठरवता येतं. १०८०पी ६० हर्ट्झला ४.४६ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) लागतात. ४के ३० हर्ट्झला ८.९१. ४के ६० हर्ट्झ पूर्ण रंगात, म्हणजे ४:४:४ आठ बिट, लागतात १७.८२. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ आणि २.० ची १८. म्हणजे ६० हर्ट्झला तुम्ही केबलकडून जवळजवळ शेवटचा थेंब मागताय.

आता गंमत ही की ४के ६० हर्ट्झच, पण रंग ४:२:०, म्हणजे रंगाची माहिती कमी पाठवणारा, केला तर परत ८.९१ च लागतात. तर परीक्षा अशी: ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये ६० हर्ट्झ तसंच ठेवून रंगाचा प्रकार ४:२:० करा. तिथं पर्याय नसेल तर टीव्हीच्या त्या पोर्टचं जादा बँडविड्थवालं सेटिंग बंद करा, टीव्ही स्वतःच ४:२:० मागतो. पडदा काळा व्हायचा थांबला तर केबल किंवा मधला एखादा सांधा वेगाला पुरत नाही. तरीही काळा होत राहिला तर केबलला दोष देऊ नका, कन्व्हर्टर, एचडीसीपी (चित्राची नक्कल होऊ नये म्हणून केबलवर असलेलं संरक्षण) किंवा वीज बघा.

१० मीटर साध्या तांब्याच्या केबलवर १८ जीबीपीएस भरवशानं जात नाहीत. ५ मीटरपर्यंत चांगली केबल पुरते.

कडकभाकरी

म्हणजे मी पहिल्याच ओळीत बरोबर होतो.

तांब्याची_तार

उत्तर बरोबर, रीत शून्य. परीक्षेत एक मार्क.

होटगीरोड_होमथिएटर

केबलचा विषय आहेच तर सोन्याचा मुलामा दिलेली, जाड, विणलेल्या आवरणाची केबल घ्या. रंगांत फरक दिसतो.

तांब्याची_तार

रंगांत नाही दिसत. डिजिटल सिग्नलमध्ये केबल कमी पडली की पांढरे ठिपके चमकतात, आडव्या रेघा येतात किंवा पडदा काळा होतो. रंग फिके होत नाहीत. मुलाम्यामुळं टोक गंजत नाही, एवढाच उपयोग. केबलवर बघायचं ते प्रमाणपत्राचं लेबल. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ जीबीपीएस, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. '४के', '८के' असं नुसतं छापलेलं काहीच सिद्ध करत नाही.

होटगीरोड_होमथिएटर

मग काळा रंग राखाडी दिसतो तो कशानं? केबल बदलल्यावर गेला होता.

रेघोटी

तो आरजीबी रेंजचा प्रश्न. टीव्हीची पद्धत १६ ते २३५, पीसीची ० ते २५५. पीसी मर्यादित पाठवतोय आणि टीव्ही पूर्ण समजतोय, तर काळा राखाडी होतो. उलट झालं तर अंधारातले तपशील बुडतात. केबल उपटून लावली की नवी ओळख-पाळख होते आणि रेंज आपोआप परत जुळते. त्यामुळं श्रेय केबलला मिळतं. ड्रायव्हरमध्ये आणि टीव्हीत दोन्हीकडं एकच ठेवा, 'ऑटो' नको.

पूर्वभाग

दहा मीटर लागणारच असेल तर ऑप्टिकल केबल घ्या, आत काचेचा तंतू असलेली. पण दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येणार नाही आणि परत अख्खी पाइपातून काढावी लागेल. आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं लावून चालवून बघा, मगच पाइपात घाला.

पाइप किती मिलिमीटरचा आहे? एचडीएमआयचं टोक आवरणासकट साधारण २० मिलिमीटर रुंद भरतं. २० च्या पाइपातून जाणारच नाही, २५ मध्ये कोपऱ्यावर अडकतं. ३२ असेल तर निवांत. पाइप बारीक असेल तर टोक वेगळं होणारी ऑप्टिकल केबल मिळते, पाइपातून जाणारं टोक मायक्रो असतं आणि बाहेर त्याला पूर्ण टोक लावायचं. ओढताना टोकाला धरून ओढायचं नाही, केबलच्या अंगाला दोरी बांधायची. कोपऱ्यात काटकोनात दाबायची नाही, आतला तंतू तुटतो. आणि तो तुटला की जोडता येत नाही.

आण्णा_अक्कलकोट

किंवा केबल ओढूच नका. रिसीव्हर आणि पीसी टीव्हीखाली आणा आणि पाइपातून स्पीकरच्या तारा न्या. स्पीकरची तार १० मीटर असली तरी कुरकुर करत नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या.

जुळे_सोलापूरकर

पाइप २५ चा आहे, दोन कोपरे आहेत. आण्णांचं बरोबर वाटतंय, पण फर्निचर झालंय.

चटणी_कमी

फर्निचर झालंय म्हणजे विषय संपला. घरी विचारूनच पुढं जा.

वायरमन

कुणी अर्थिंगचं विचारलंच नाही. जुळे सोलापुरात नव्या इमारतीत तरी बघा, जुन्या पेठांमधल्या वाड्यांत तर दोन-पिनीवरच सगळं चालतं.

टीव्ही आणि बरेच रिसीव्हर दोन-पिनी असतात. त्यांच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळं धातूच्या भागावर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं. माणसाला फार काही होत नाही, पण केबल जोडताना आवरणाआधी एखादी सिग्नल पिन टेकली तर तो झटका १५-१६ नंबरवरून चिपमध्ये जातो. असा पोर्ट मेला की चित्र येतं, पण ईडीआयडी कधीच वाचली जात नाही, कायम १०२४ बाय ७६८. जुळे_सोलापूरकर, तुमचं कायम तसं होत नाही, म्हणजे पोर्ट शाबूत आहे.

गल्लीतून येणारी केबल टीव्हीची कोॲक्स तार असेल तर आणखी सांभाळा. ती दुसऱ्याच ठिकाणची अर्थ घेऊन येते. एचडीएमआय लावायच्या-काढायच्या आधी कोॲक्स सोडा आणि सगळ्यांची बटणं बंद करा. टीव्ही, रिसीव्हर, पीसी एकाच बोर्डावर घ्या, तीन-पिनी एक्स्टेंशनवर. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज ते अर्थ २३० च्या जवळ हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एचडीएमआय.

पूर्वभाग

यात भर. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वीतभर खाली मुरूम लागतो आणि मुरूम ओल धरत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायला लागतं.

चटणी_कमी

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय आणि हे खड्ड्याला पाजा म्हणतायत.

पूर्वभाग

भांडी विसळलेलं चालतं.

बार्शी_लाईट

लाइट गेली-आली हेही धरा. लाइट आली की टीव्ही, रिसीव्हर, पीसी एकदम जागे होतात. मिनी पीसी काही सेकंदांत बायोस उरकतो, तेव्हा टीव्ही अजून लोगो दाखवत असतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑफ'वर ठेवा आणि पीसी हातानं लावा. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाचं काम निवडण्याचं पान. ते चालू असलं की शटडाउन अर्धवट होतं, कर्नल आणि ड्रायव्हर झोपवून ठेवले जातात आणि उठताना कालचीच अवस्था घेऊन उठतात.

मंद्रूप_पेंग्विन

लिनक्सवाल्यांसाठी: लिब्रएलेक (थिएटर पीसीसाठीचं छोटं लिनक्स) वापरत असाल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही चालू ठेवून टर्मिनलमध्ये 'गेटईडीआयडी' ही आज्ञा 'क्रिएट' सांगून चालवा. ती ईडीआयडीची प्रत फाइलमध्ये ठेवते आणि पुढच्या बूटपासून टीव्ही बंद असला तरी तीच वापरते. इतर लिनक्सवर हीच गोष्ट कर्नलला फर्मवेअर फाइल म्हणून देता येते. टीव्ही बदलला की प्रत पुसायला विसरू नका, नाहीतर नव्या टीव्हीला जुन्याच्या मापाचं चित्र जातं.

आण्णा_अक्कलकोट

विंडोजवर हेच काम ईडीआयडी एम्युलेटर नावाचा छोटा डोंगल करतो. पीसी आणि रिसीव्हरच्या मध्ये बसतो आणि पुढचं सगळं बंद असलं तरी पीसीला 'टीव्ही आहे' असं सांगत राहतो. घेताना १८ जीबीपीएसवाला घ्या, नाहीतर तोच नवा अडथळा.

रेघोटी

आणि प्रत रिसीव्हर चालू असताना त्याच्याकडूनच घ्या. टीव्हीकडून थेट घेतली तर आवाज कायमचा दोन चॅनेलवर अडकेल. एम्युलेटरचा एक तोटाही आहे: टीव्ही बंद आहे हे पीसीला कधी कळतच नाही, त्यामुळं दुसरा पडदा लावला तर खिडक्या न दिसणाऱ्या टीव्हीवर उघडतात.

जुळे_सोलापूरकर

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या डिस्प्लेपोर्टला व्हीजीए अडॅप्टर लावून जुना मॉनिटर जोडलेला असतो, एक्स्टेंड मोडमध्ये. त्याचा काही संबंध?

तांब्याची_तार

अहो, हे पहिल्या पोस्टीत हवं होतं! तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर तिथंच असण्याची शक्यता मोठी.

होटगीरोड_होमथिएटर

तिसरीचं कारण रिसीव्हर आहे. २०१४ चा म्हणजे एचडीसीपी २.२ नसणार. ४के ओटीटीला २.२ लागतंच, म्हणून काळं.

तांब्याची_तार

अर्धं मान्य. २०१४ च्या आसपास काही रिसीव्हरांत १८ जीबीपीएस होते पण एचडीसीपी २.२ नव्हतं, काहींत नेमकं उलटं. जुळे_सोलापूरकरांना ६० हर्ट्झ मिळतंय म्हणजे पहिल्या प्रकारचा दिसतो. पण २.२ नसलं की ओटीटीवाले सहसा दर्जा खाली आणतात, १०८०पी किंवा ७२०पी देतात. सगळंच काळं होतं तेव्हा साखळीत एखाद्या ठिकाणी एचडीसीपी अजिबात जुळत नाही. व्हीजीए हा ॲनालॉग, त्यात एचडीसीपी नसतंच. काही सेवा खिडकी कुठल्या पडद्यावर आहे एवढंच बघत नाहीत, चालू असलेले सगळे पडदे तपासतात. व्हीजीए मॉनिटर काढा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. तरीही काळं राहिलं तर संशय कन्व्हर्टरवर. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करूनही बघा, चित्र आलं तर दोष संरक्षणाच्या साखळीत असण्याची शक्यता मोठी.

हार्डडिस्कवरच्या फाइलींना एचडीसीपी लागत नाही. म्हणून त्या बिनबोभाट चालतात.

रेघोटी

टीव्हीतलं सेटिंगही बघून घ्या. बऱ्याच टीव्हींत पोर्टची पूर्ण बँडविड्थ बंद ठेवलेली असते आणि प्रत्येक पोर्टला वेगळी चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये सिग्नल फॉरमॅट 'एनहान्स्ड'. रिसीव्हरमध्येही असंच सेटिंग असू शकतं. आणि इनपुटचं नाव 'पीसी' ठेवा, काही टीव्ही त्याशिवाय ४:४:४ दाखवत नाहीत. अक्षरांच्या कडा रंगीत, पुसट दिसतात त्या यानं सुधारतात, विशेषतः काळ्यावर लाल अक्षरं.

माढा_एक्सप्रेस

मध्येच विचारतो. माझ्याकडं टास्कबार अर्धा कापला जातो, कडा दिसत नाहीत. रिसीव्हर वगैरे नाही, थेट जोडणी.

आण्णा_अक्कलकोट

ओव्हरस्कॅन. पीसीवर काही करू नका, टीव्हीत करा. पिक्चर साइझमध्ये एलजीला 'जस्ट स्कॅन', सोनीला 'फुल पिक्सेल', सॅमसंगला 'फिट टू स्क्रीन'. ग्राफिक्सच्या पॅनेलमधून चित्र लहान करून बसवता येतं, पण मग पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही आणि अक्षरं मऊ होतात.

माढा_एक्सप्रेस

झालं. आभारी.

बार्शी_लाईट

अशी माणसं धाग्यावर असावीत.

पूर्वभाग

रिसीव्हर बंद कपाटात आहे का? मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना कपाटात काय होत असेल बघा. एचडीएमआयची चिप तापली की तासाभरानं पडदा काळा व्हायला लागतो, सकाळी मात्र सगळं ठीक. वेळेशी संबंध जुळतोय का ते लिहून ठेवा. वर किमान वीतभर मोकळी जागा हवी, मागचा प्लाय कापलेला बरा. आमच्या भागात यंत्रमागांमुळं कापसाचा धुरळा असतो, तो मिनी पीसीच्या पंख्यात गादीसारखा बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरा, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा, धुरळा असेल तर मऊ कोरडा ब्रश. डास मारायचा स्प्रे, खोबरेल, असलं काही घालू नका. हे सांगावं लागतं.

जुळे_सोलापूरकर

तपासणी झाली. थेट टीव्हीला, आखूड केबल आणि तोच कन्व्हर्टर: ६० हर्ट्झ पूर्ण रंगात, पडदा काळा होत नाही. रिसीव्हर मध्ये घेऊन आखूड केबल: तेव्हाही नाही. भिंतीतली लावली की लगेच सुरू. तिच्यावरच ४:२:० केलं की थांबतं.

व्हीजीए मॉनिटर काढल्यावर ओटीटीचं चित्र आलं, रिसीव्हरमधूनही. दर्जा ४के नाही, पण चित्र आहे.

टीव्ही बंद-चालू केल्यावरची तक्रार मात्र थेट जोडणीतही आहे. फास्ट स्टार्टअप बंद केल्यानं कमी झाली, गेली नाही.

कडकभाकरी

केबल.

तांब्याची_तार

हो बाबा, केबल. नवी येईपर्यंत विंडोजचा डेस्कटॉप १०८०पी ६० वर ठेवा आणि ४के फाइल चालतानाच प्लेयरला ४के २४ वर जाऊ द्या. २४ हर्ट्झला आठ बिटमध्ये ३० इतकेच ८.९१ लागतात, ती केबल ते पेलते. चित्रपट पूर्ण ४के दिसेल, माउसही अडखळणार नाही.

आण्णा_अक्कलकोट

टीव्ही बंद-चालूच्या तक्रारीला एम्युलेटर घ्या. त्याआधी फुकटचा उपाय: टीव्हीचं सीईसी (जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करतात ती सोय) बंद करून बघा. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. त्यामुळं काही टीव्ही इनपुट स्वतःच बदलतात आणि आपल्याला वाटतं सिग्नल गेला. पीसीच्या ग्राफिक्सला सीईसीची १३ नंबरची पिन बहुतेक वेळा जोडलेलीच नसते, त्यामुळं तुमचं काही बुडत नाही.

जुळे_सोलापूरकर

ओटीटी ४के हवं असेल तर पीसी थेट टीव्हीला आणि आवाज एआरसीनं (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीकडून उलटा) रिसीव्हरला, असं चालेल?

रेघोटी

चालेल, पण आधी एक बघा. तुम्हाला डीटीएस हवंय आणि काही टीव्ही डीटीएस पुढं जाऊच देत नाहीत. टीव्हीच्या माहितीपुस्तकात ऑडिओ पास-थ्रूच्या यादीत डीटीएस आहे का बघा. नसेल तर फाइलींसाठी रिसीव्हरमधूनच राहू द्या आणि ४के ओटीटी टीव्हीच्या स्वतःच्या ॲपमधून बघा, आवाज एआरसीनं. तुमच्या रिसीव्हरला ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, नाही, त्यामुळं ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी त्या वाटेनं येणारच नाही.

चटणी_कमी

म्हणजे शेवटी ओटीटीला टीव्हीचं ॲप. मी स्टिक म्हणालो तेव्हा हसलात.

जुळे_सोलापूरकर

शेवटचा प्रश्न. तार म्हणाले तसं कोडी या प्लेयरला २४ हर्ट्झवर जायला सांगितलं. आता प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला पडदा काळा होतो आणि पहिले एक-दोन संवाद ऐकूच येत नाहीत. हा नवा बिघाड का?

तांब्याची_तार

नाही. रिफ्रेश रेट बदलला की पीसी, रिसीव्हर, टीव्ही यांची सगळी जुळवाजुळव नव्यानं होते, त्याचा तो काळा. कोडीच्या सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट बदलल्यावर थांबण्याची वेळ देता येते. ३ सेकंदांपासून सुरुवात करा, रिसीव्हर जुना असेल तर ५ पर्यंत जावं लागतं. आणि बदल 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवा. यादीत २३.९७६ आणि २४ दोन्ही असू द्या. सेट-टॉप बॉक्सवरून रेकॉर्ड केलेलं काही असेल तर ते २५ फ्रेमचं असतं, त्यासाठी ५० हर्ट्झही ठेवा, नाहीतर बातम्यांची पट्टी झटके खात सरकते.

जुळे_सोलापूरकर

४ सेकंदांवर संवाद पूर्ण येतोय. ५० हर्ट्झ यादीत नव्हतं, घातलं.